स्प्लेंडरचं मागचं चाक आणि सुभेदार काका

ती. सुभेदार काकांस,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बस बस, चहा घे" म्हणून विषय मोडता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. दुसरंही एक कारण आहे. बेळगावहून थरच्या वाळवंटात एकटी स्प्लेंडरवर जाऊन आले हे कळल्यापासून टिळकवाडीपासून उद्यमबागेपर्यंत जो भेटतो तो माझ्या धाडसाचं कौतुक करतो. ते ऐकताना मला अवघडल्यासारखं होतं. धाडस माझ्याकडं आधीही होतं, आणि नुसत्या त्याच्या जोरावर मी फार तर राजस्थानच्या वेशीवरच्या सांचोरपर्यंत पोचले असते. पुढचं सगळं तुमचं: पाणी किती लिटर, चाकात हवा किती, निघायचं किती वाजता आणि कुणाला सांगून.

फौजेत असताना जैसलमेरकडं राहिलेला माणूस म्हणून आमच्या फौंड्रीतल्या मोल्डरनं तुमचं नाव सांगितलं तोवर मी बऱ्याच जणांशी बोलून झाले होते. कुणाला "एकटी?" याच्यापुढं जाता येत नव्हतं. एकानं तर घरच्यांचा फोन नंबर मागितला, माझी समजूत घालायला. तुमच्या खानापूरच्या घरी आले तर तुम्ही भाताच्या पोत्यांवर नजर ठेवत पहिला प्रश्न विचारलात, "पाणी किती नेणार?" दुसरा, "मागचं चाक खोलून ट्यूब बदलता येते काय?" नाही म्हटल्यावर तुम्ही ना हसलात ना रागावलात. "मग आधी ते," म्हणालात आणि शेडमधून पाने आणले. मी बाई आहे, एकटी आहे, हा मुद्दा तुमच्या यादीत कुठंतरी खाली होता. पाण्याच्या, ट्यूबच्या आणि क्लच केबलच्या खूप खाली.

मला मे महिना सोयीचा होता. तुम्ही तो एका वाक्यात खोडलात. जैसलमेरच्या शेजारच्या फलोदीत १९ मे २०१६ ला पारा ५१ अंशांवर गेला होता, हे तुम्ही तारखेसकट सांगितलंत. "डिसेंबरला जा. थंडी वाजेल, पण थंडीवर उपाय खिशात बसतो." हा उपाय म्हणजे वर्तमानपत्र, हे मला बाडमेरच्या अलीकडं पहाटे कळलं. जॅकेटच्या आत छातीवर 'तरुण भारत'चा अंक चौघडी करून ठेवला की वारा लागत नाही. महागडं रायडिंग जॅकेट परवडत नसलेल्यांनी हे लिहून ठेवावं. अंक जुना असला तरी चालतो.

रविवारच्या त्या शिकवण्या आठवल्या की अजून दंड दुखतात. मलप्रभेच्या पात्रात पाणी ओसरलं होतं, तिथल्या वाळूत तुम्ही मला गाडी घालायला लावायचात. आधी चाकातली थोडी हवा सोडायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. बसायचं मागं सरकून, पुढच्या चाकावरचा भार काढून. गिअर दुसरा, ॲक्सिलरेटर एकसारखा, पुढच्या ब्रेकला हातच लावायचा नाही, आणि नजर चाकासमोर न ठेवता लांब. हँडल डुलायला लागलं की माझा हात आपोआप घट्ट व्हायचा आणि तुम्ही काठावरून ओरडायचात, "गे पोरी, सोड त्याला, डुलू दे की!" कपडे धुवायला आलेल्या बायका काम थांबवून बघत बसायच्या. त्यातल्या एका आजीनं तुम्हाला सरळ विचारलं होतं, "सुभेदार, पोरीला सर्कशीत घालताय काय?"

आणि मग चाक. खोल, बसव. परत खोल. लिव्हर लावताना ट्यूब चिमटायची, मग परत पॅच. पंक्चर काढण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवायचं, कारण काटा आतच राहिला तर नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की मला चीड यायला लागली होती. साखळीला तिकडं भसाभस तेल घालायचं नाही, ओल्या तेलाला वाळू चिकटते आणि साखळी व स्प्रॉकेट दोन्ही झिजतात. कोरड्या फडक्यानं पुसत राहायचं. एअर फिल्टर रोज संध्याकाळी काढून झटकायचा. सामानाच्या यादीतून तुम्ही माझा तंबू काढलात आणि त्या जागी जादा ट्यूब, हातपंप, क्लच व ॲक्सिलरेटर केबल, प्लग आणि साखळीचं लॉक घातलंत. वर काकूंनी ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. त्या भाकऱ्या शेवटपर्यंत टिकल्या. हॉटेलचा खर्च निम्मा त्यांनीच वाचवला, हे काकूंना सांगा. बाकी स्वस्ताईचं फार काही सांगण्यासारखं नाही. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही, स्प्लेंडर पेट्रोल नुसतं हुंगते, आणि रामदेवरासारख्या देवस्थानी धर्मशाळा आहेत.

कोल्हापूर, पुणे, मग जुन्या रस्त्यानं खंडाळ्याचा घाट (एक्स्प्रेस वेवर दुचाकीला मज्जाव), गुजरात, पालनपूर, सांचोर. यातलं काही तुम्हाला सांगायला नको. ट्रकच्या मागून धूर खात जाणं, एवढंच ते. खरी गोष्ट जैसलमेर सोडल्यावर सुरू झाली.

रामगडला टाकी भरली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे चहाच्या टपरीवर गाडीचा नंबर आणि वाट सांगून ठेवली, आणि तुम्हाला निरोप टाकला: लोंगेवालामार्गे तनोट, चारपर्यंत पोचते. त्यानंतर फोनची रेंज गेली ती गेलीच. सीमा सडक संघटनेचा रस्ता सरळ आणि गुळगुळीत आहे, आणि हाच त्याचा धोका. माणूस ऐंशीवर जातो आणि चढ उतरला की वाऱ्यानं डांबरावर आणून टाकलेला वाळूचा पट्टा समोर. ब्रेक मारला असता तर आडवी झाले असते. मलप्रभेतला तुमचा आवाज कानात होता. गाडी सरळ उभी ठेवली, हात सैल केले, ॲक्सिलरेटर होता तिथंच ठेवला. मागचं चाक थोडं सरकलं आणि सावरलं. असे पट्टे मग येतच राहिले आणि दुपारपर्यंत माझ्या हातांना त्यांची सवय झाली.

फोटो काढायला म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती, तिथं विलायती बाभळीच्या फांद्या पडलेल्या. थोडं पुढं गेल्यावर मागचं चाक बसलं. आजूबाजूला फोगाची झुडपं, रुई आणि वारा. सांगायला लाज नाही, पोटात गोळा आला. पण हात चालू होते, डोकं नंतर आलं. सामान उतरवलं, आधी पोटभर पाणी प्यायले. "कॅनमध्ये उरलेल्या पाण्यानं माणूस वाचत नाही, पोटात गेलेल्यानं वाचतो," हे तुमचं. मग गाडी डबल स्टँडवर, एक्सल ढिला, चाक बाहेर. फडकं फिरवलं तर काटा एक नाही, दोन होते. दुसरा इतका बारीक की डोळ्यांना दिसलाही नसता. तिथं मी मोठ्यानं "काका!" म्हणाले.

तोवर उंटांचा कळप घेऊन एक म्हातारे बाबा आले. त्यांची मारवाडी मला निम्मी कळली, माझी हिंदी त्यांना निम्मी. ते उकिडवे बसून माझं काम बघत राहिले, मदत करू का असं एकदाही विचारलं नाही, फक्त वाऱ्यानं उडणारं फडकं पायाखाली धरून ठेवलं. हातपंपानं हवा भरताना मात्र त्यांनी पंप हातातून घेतला आणि तंबाखूची पुडी पुढं केली. मी तंबाखूसाठी नाव असलेल्या निपाणीच्या बाजूची माणसं ओळखते म्हटलं असतं तरी त्यांना काय कळणार! पुडी परत केली आणि काकूंची अर्धी भाकरी दिली. त्यांनी ती वाजवून बघितली, मग चटणीला लावून खाल्ली.

लोंगेवालाला तुमच्यासाठी थांबले. १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाब पलटणीची जेमतेम सव्वाशे माणसं तिथं पाकिस्तानी रणगाड्यांसमोर टिकून राहिली आणि सकाळी जैसलमेरहून आपल्या हवाई दलाची हंटर विमानं आली, हे वाचलेलं होतं. पण तुम्ही सांगितलेली गोष्ट तिथल्या वाळूत पाय घातल्यावर पटली: रणगाडेसुद्धा मऊ वाळूत रुतले, म्हणून विमानांना ते उभ्या निशाण्यासारखे सापडले. "रणगाडा रुततो, तिथं तुझी स्प्लेंडर कोण?" हे तुम्ही हसत म्हणाला होतात. मी तिथल्या पकडलेल्या रणगाड्यापाशी उभी राहून हसले तर शेजारचं कुटुंब माझ्याकडं बघायला लागलं.

तनोटला चारच्या आत पोचले. तनोटमातेच्या दारात १९६५ च्या युद्धातले न फुटलेले तोफगोळे मांडून ठेवलेत आणि मंदिराची सगळी व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं, ते तुम्हाला माहीतच आहे. एका जवानानं गाडीचा केए २२ नंबर बघून "बेंगलोर?" विचारलं. बेळगाव म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. "मराठा सेंटर!" म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं आपलं केंद्र. त्याचा कुणी दोस्त तुमच्या पलटणीत होता. मी तुमचं नाव सांगितलं. त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं, तरी त्यानं सरळ उभं राहून "साब को राम राम बोलना" म्हटलं. तो राम राम इथं पोचवतेय.

तुम्ही एक काम सांगितलं होतं, खडीन, म्हणजे तिकडचं पाणी अडवून पिकवलेलं शेत, बघून ये. बघितलं. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा लांब बांध, वरच्या खडकाळ माळावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी त्याच्यामागं अडतं, जिरतं, आणि त्या ओलीवर रब्बीला गहू-हरभरा घेतात. वर्षाकाठी तिथं दोनशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस, कधी तेवढाही नाही. पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत काही शतकांपूर्वी रुजवली, आणि कुलधरासारखी त्यांची गावं ओस पडली तरी कितीतरी खडिनं अजून पिकतात. तुम्ही कणकुंबीकडच्या धुवाधार पावसात वाढलेला माणूस, शेतातलं पाणी बाहेर काढून द्यायला चर खणणारा. सेवेत असताना सुट्टीच्या दिवशी तुम्ही हे बांध पायांनी मोजत फिरायचात ते का, हे मला तिथल्या हरभऱ्याच्या हिरव्या तुकड्याकडं बघून कळलं. बांधाची उंची माझ्या कमरेच्या थोडी वर आली. मोजपट्टी नव्हती, क्षमा असावी. गोडावण (आपला माळढोक) मात्र दिसला नाही. तुम्हालाही इतक्या वर्षांत एकदाच दिसला होता, तेव्हा तक्रार नाही.

एक गोष्ट मला परत आल्यावर काकूंकडून कळली. तनोटहून रामगडला परतेपर्यंत अंधार पडत आला होता, तिथं रेंज आली आणि माझा निरोप तुम्हाला गेला. तोवर तुम्ही फोन मांडीवर ठेवून ओसरीवर बसून होतात, जेवला नव्हतात, आणि जैसलमेरच्या जुन्या ओळखीच्या माणसाचा नंबर कागदावर काढून ठेवला होता. मला तुमचं उत्तर आलं होतं ते फक्त "ठीक. फिल्टर झटक." मी त्यावर थोडी रुसलेही होते. काकू, तुम्ही सांगितलं नसतंत तर हा माणूस कधीच बोलला नसता.

तर काका, आभार. शिकवण्यांची फी तुम्ही घेणार नाही, म्हणून जादा आणलेली ट्यूब आणि हातपंप तुमच्याच शेडमध्ये ठेवून जाते. त्यांची गरज लवकरच पडणार आहे. आमच्या ऑफिसातल्या दोघी कच्छच्या रणात जायचं म्हणतात. त्यांना तुमचा पत्ता दिलाय, येत्या रविवारी सकाळी येतील. एकीकडं ॲक्टिव्हा आहे आणि तिला वाटतं पाणी वाटेत विकत मिळतं. तिला आधी घ्या.

काकूंना नमस्कार.

आपली,
उद्यमबागेतली स्प्लेंडरवाली