जुन्या सिक्स सिलिंडरला दुसरा कार्बोरेटर लावला तर गाडी व्हिंटेज राहत नाही का?

संपादक साहेब, नमस्कार.

मुंबईत हॉर्निमन सर्कलवरून व्हिंटेज गाड्यांची रॅली निघाली की सगळ्या पेपरात फोटो येतात, चकाचक रंग, क्रोमचे बंपर, पण बॉनेटखाली काय चाललंय त्यावर कोणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. माझ्याकडे 1951 ची शेवरले आहे, 216 क्युबिक इंचाचं म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं सिक्स सिलिंडर इंजिन, एका ओळीत सहा. जनरल मोटर्सनं 1928 ला शिवडीत कारखाना काढला, 1954 ला बंद केला, तेव्हाच्या शेवरले आणि कुर्ल्याला प्रीमियरमध्ये जुळवलेल्या डॉज, प्लिमथ, या सगळ्या सिक्सवाल्या गाड्या या शहराच्याच आहेत असं मी मानतो. कितीतरी गाड्यांचं इंजिन मधल्या काळात काढून डिझेल बसवलं गेलं. ज्यांचं ओरिजिनल इंजिन अजून जागेवर आहे त्यांच्याबद्दल मला बोलायचंय.

केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, पहिल्या रजिस्ट्रेशनला पन्नास वर्षं झालेली गाडी, व्हीए सिरीजचा नंबर, नव्या रजिस्ट्रेशनला 20,000 रुपये फी, ते सगळं चांगलंच झालं. पण त्यात एक अट आहे की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. आता मोठा म्हणजे केवढा? डिझेल इंजिन टाकणं हा मोठा फेरफार, यात वाद नाही. पण त्याच इंजिनावर एकाच्या जागी दोन कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवले, आतला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) बदलला, तर तेही त्यातच धरायचं का? सुक्याबरोबर ओलंही जळतं तशी गत होईल.

आणि हा हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. आता पंपावर ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला जळायला वजनानं साधारण 14.7 पट हवा लागते, नुसत्या इथेनॉलला 9 पट, म्हणजे तेवढ्याच हवेला ई20 जास्त द्यावं लागतं. नव्या गाडीत सेन्सर ते बघतो, जुन्या कार्बोरेटरमध्ये पितळेचं जेट असतं, त्याचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल येणार, त्यामुळे मिक्श्चर पातळ होतं, इंजिन तापतं, पिकअपला ठेचकाळतं, बॅकफायर मारतं. त्यात इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळ्यात गाडी उभी राहिली की फ्लोटच्या वाटीत पांढरा थर धरतो, पंपाच्या आतलं जुन्या रबराचं डायफ्राम फुगून कामातून जातं. म्हणजे जेट मोठं करणं, रबर बदलणं हे सगळ्यांनाच करावं लागणार, कितीही कट्टर ओरिजिनलवाला असला तरी.

आता दोन कार्बोरेटर कशाला ते सांगतो. एका ओळीत सहा म्हणजे लांबलचक इंजिन, मधोमध एकच कार्बोरेटर, त्यामुळे मधल्या सिलिंडरना भरपूर मिळतं आणि टोकाच्या एक आणि सहा नंबरला उरलंसुरलं. सहाही प्लग काढून पेपरवर नंबरानं ओळीत मांडा, तीन आणि चार काजळी धरलेले काळे आणि टोकाचे दोन पांढरे पडलेले दिसले की समजायचं काय होतंय. दोन कार्बोरेटर म्हणजे प्रत्येकाला तीन सिलिंडर, वाटणी सरळ होते. त्याचे मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरमधलं मिश्रण सिलिंडरकडे नेणारे पाइप, ऑफेनहाउझर, फेंटन असल्या अमेरिकन कंपन्या त्या जमान्यातच करायच्या, आजचा काही शोध नाही. दोन लावले म्हणून पेट्रोल दुप्पट जात नाही, इंजिन ओढेल तेवढ्याच हवेच्या हिशोबात जातं, पण दोघांची हवा सारखी हवी. आमचा मिस्त्री रबरी नळीचं एक टोक कानाला लावतो, दुसरं आळीपाळीनं दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतो आणि फुसफुस सारखी ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवत बसतो, अर्धी सकाळ जाते पण मग आयडलिंग असं शांत येतं की विचारू नका.

कॅमशाफ्टच्या बाबतीत मात्र मी हात राखून बोलतो, कारण इथे पोरं वाहवत जातात. 216 च्या कनेक्टिंग रॉडमध्ये, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यात, व्हाइट मेटल या नरम धातूची बेअरिंग आहेत आणि तिथे पूर्ण प्रेशरनं ऑईल जात नाही, रॉडच्या कॅपला खाली चमचा असतो त्यानं उडवून मिळतं. अशा इंजिनाला रेसचा कॅम टाकून जास्त आरपीएमला पळवलं तर बेअरिंग जाणार म्हणजे जाणार. शिवाय तसल्या कॅमनं आयडलला व्हॅक्यूम कमी पडतो आणि या गाड्यांचा वायपर व्हॅक्यूमवर चालतो, जुलैच्या पावसात सिग्नलला उभं राहून वायपर अडकला तर काय करणार? खालच्या आरपीएमला जोर देणारा, थोडीच लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडण्याची उंची) वाढवलेला कॅम घ्या, त्याच्यावर टेकणारे टॅपेट नवे किंवा घासून घेतलेले टाका, कॅमचा फायबर गिअर झिजला असेल तर तेव्हाच बदला कारण रेडिएटर आणि पुढचं कव्हर परत कोण उघडणार. आणि झिंकवालं ऑईल घालून पहिली वीसेक मिनिटं दोन हजारच्या आसपास आरपीएम ठेवा, आयडलला सोडू नका, नवा कॅम तिथेच खराब होतो.

शेवरलेनंच 1953 ला कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार काढली तेव्हा 235 क्युबिक इंचाच्या सिक्सवर तीन कार्टर कार्बोरेटर, जास्त लिफ्टचा कॅम आणि 8 ला 1 कॉम्प्रेशन देऊन 150 हॉर्सपॉवर काढली होती, तेव्हा ऑटोमॅटिक गिअरच्या साध्या शेवरलेत तेच 235 इंजिन 115 द्यायचं. माझं 216 बिचारं 92 चं, आणि त्या 235 ला पूर्ण प्रेशरनं ऑईल मिळायचं म्हणून ते शक्य झालं हेही खरं, पण रस्ता तर कंपनीनंच दाखवलेला आहे ना?

म्हणून परिवहन खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. ब्लॉक आणि हेड मूळचे असतील, चासी आणि इंजिन नंबर जुळत असतील, आणि बसवलेला कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, कॅम त्या काळच्या पद्धतीचा आणि पुन्हा काढता येण्यासारखा असेल, तर तो मोठा फेरफार धरू नये असं परिपत्रक काढून स्पष्ट लिहा, म्हणजे तपासणी कमिटीलाही सोपं जाईल आणि मालकही बदल लपवणार नाहीत, अर्जातच लिहून देतील. आणि मालकांनो, काढलेला ओरिजिनल कार्बोरेटर ऑपेरा हाउसच्या किंवा कुर्ल्याच्या पार्टच्या बाजारात विकून टाकू नका, पेट्रोल पूर्ण काढून, वाळवून, ऑईलचा हात फिरवून जुन्या मॅनिफोल्डबरोबर घरात ठेवा, तपासणीला दाखवायला तोच लागेल.

आपला,
एक शेवरलेवाला, परळ, मुंबई