निळं पडलेलं सोनं

कोईमतूर

चि. अनुजास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री "अण्णा, सगळं निळं पडलं, वाया गेलं" एवढंच बोलून तू फोन ठेवलास. आई घाबरली. मी तिला म्हटलं, डेंग्यूच्या तपासणीच्या पट्टीसाठी ती करते त्या सोन्याच्या पाण्याचं काहीतरी बिनसलंय, पोरीचं नाही. पण झोप लागेना. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

विट्याहून इकडे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मुशीला हात लावू देत नव्हते, नुसती राख चाळायचो. तेव्हापासून गलाईत, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यात, माझं काम एकच, विखुरलेलं सोनं गोळा करायचं. झाडलोट, पॉलिशची धूळ, मोडीचे तुकडे, सगळं अम्लराजात, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या जहाल आम्लांच्या मिश्रणात, विरघळवायचं, गाळायचं, खाली बसवायचं. खाली बसतं ते मातीसारखं तपकिरी. टाकणखार घालून मुशीत वितळलं की मग पिवळं. तरीही दिवाळीत तू मोबाइलवर डाळिंबाच्या रसासारखी लाल बाटली दाखवून "हे सोनं" म्हणालीस, तेव्हा मी हसलो होतो. चुकलंच माझं.

सुरुवात तर माझ्याच भट्टीवरची की! तेच अम्लराजातलं पिवळं पाणी. तू ते पातळ करून उकळतेस, सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, घालतेस आणि 20 नॅनोमीटरचे कण करतेस. एवढ्याशा कणांत हिरवा उजेड अडकतो, म्हणून आपल्याला लाल दिसतं. फॅरेडे या शास्त्रज्ञाने 1857 च्या सुमारास केलेलं तसलं पाणी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून लाल आहे, हे तूच सांगितलंस. मी नंतर हिशोब मांडला. एका गुंजेचे असे कण केले, तर त्यांचा पृष्ठभाग 20 चौरस फुटांच्या आसपास जातो. आईच्या ओट्याएवढा! एवढी जागा म्हटल्यावर प्रतिपिंडं, म्हणजे हवा तो पदार्थ नेमका धरून ठेवणारी प्रथिनं, बसायला अडचण कसली.

ताईच्या वेळची ती गर्भचाचणीची पट्टी आठवते? दोन लाल रेघा उमटल्या आणि आई रडायलाच लागली. त्या रेघा सोन्याच्या होत्या हे तेव्हा कुणाला ठाऊक. पट्टीच्या एका टोकाला प्रतिपिंडं लावलेलं सोनं सुकवून ठेवलेलं असतं, थेंब पडला की ते वाहत पुढे जातं. लघवीत गरोदरपणाचं संप्रेरक असेल तर त्यातलं काही पहिल्या रेघेवर धरलं जातं आणि उरलेलं दुसऱ्या रेघेवर, नसेल तर थेट दुसऱ्याच रेघेवर जाऊन थांबतं. यंत्र नको, डॉक्टर नको, नुसत्या डोळ्यांनी दिसतं. कोरोनात घरोघरी वापरल्या त्यातल्या बऱ्याच पट्ट्याही याच जातीच्या, आणि तुझी डेंग्यूची पट्टीही तशीच. एवढ्या पट्ट्या कचऱ्यात जातात याचं मला वाईट वाटलं होतं. तू म्हणालीस, पोतंभर गोळा केल्या तरी हाताला काही लागणार नाही. लागेल गं, सोनाराची राख-माती धुऊन सोनं काढणाऱ्या झारेकऱ्याला विचार.

आता निळ्याचं. मला कळलं ते असं: सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. मीठ पडलं की ती ताकद मरते, कण चिकटतात आणि लालाचं निळं होतं. म्हणजे माझा सगळा जन्म जे व्हावं म्हणून गेला, नेमकं तेच तुझ्याकडे होऊ द्यायचं नाही. प्रतिपिंडं कमी पडली असतील, त्यांचं आवरण पुरतं बसायच्या आत मिठाचं पाणी गेलं असेल. ते तू बघशीलच. पण आधी भांडं बघ. आमच्याकडे निम्म्या भानगडी भांड्याच्याच निघतात.

भांडी अम्लराजाने धुता म्हणालीस, म्हणून एक सांगतो. उरलेलं अम्लराज बूच लावून कधी ठेवू नकोस. आतल्या आत वायू सुटत राहतो. विशीत असताना मी एकदा घट्ट बूच लावून जेवायला गेलो, आलो तर बाटलीच्या काचा भिंतीत रुतलेल्या. दुकानात कुणी नव्हतं म्हणून निभावलं. आणि तो तांबूस धूर! माझा खोकला ऐकतेस ना रोज? धूर ओढणारं कपाट चालू केल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, घाई असली तरी.

आई म्हणते रात्री वेळेवर जेव. आणि ते निळं पाणी ओतून देऊ नकोस. तुमच्या मॅडमना विचार, चालत असेल तर नीट बंद करून पोंगलला घेऊन ये. आटवून, वितळवून मी काट्यावर टाकतो. बघू किती भरतंय.

तुझे,
अण्णा