आई, तो तुला भ्याला नव्हता

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपण बोलतोच, पण अथर्वचं हे तिथे नीट सांगता येत नाही. मध्येच रेंज जाते, नाहीतर आई, तूच "जाऊ दे, लेकरूच आहे ते" म्हणून विषय संपवतेस. तुझ्या मनातून मात्र ते गेलेलं नाही, हे तुझ्या आवाजावरून मला कळतं. म्हणून लिहिते आहे. बाबा, हे आईला वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका.

दिवाळीत अथर्व दिवसभर तुझ्या मागे मागे असायचा आणि दिवे लागले की तुझ्याजवळ यायला तयार नसायचा. त्या रात्री तू पाणी प्यायला उठलीस, हातातला तांब्या फरशीवर पडला आणि तो किंचाळत पलंगाखाली शिरला. तू त्याला काढायला वाकलीस तर आणखी आत सरकला. मला तू काही बोलली नाहीस. पण काकूजवळ म्हणालीस, "नातवाला माझं म्हातारपण भेसूर दिसायलंय." ते मला कळलं, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

इथे पुण्याला आल्यावर त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. २०१७ मध्ये आलेला 'ग्रॅनी' नावाचा एक मोबाइलवरचा गेम आहे. खेळणारा एका अंधाऱ्या घरात कोंडलेला असतो. घरात पांढऱ्या केसांची एक म्हातारी हातात दांडकं घेऊन फिरत असते. पाच दिवसांत किल्ल्या, हत्यारं शोधून बाहेर पडायचं. म्हातारीला बारीकसा आवाजही ऐकू येतो. हातातलं काही जमिनीवर पडलं की ती त्या दिशेनं धावत येते. मग लपायचं कुठे? कपाटात, नाहीतर पलंगाखाली.

आई, आता तो तांब्या आठव. रात्रीची वेळ, लाइट गेलेली, आपलं जुनं घर, पुढच्या ओसरीच्या, आपल्या ढाळजेच्या दाराची ती करकर, आणि भांडं पडल्याबरोबर त्याच्याकडे येणारी पांढऱ्या केसांची बाई. त्यानं तुला पाहिलंच नाही गं. त्याला त्या क्षणी दुसरीच कुणीतरी दिसली. सकाळी तुझ्या हातचं धपाटं खाताना तो तुलाच चिकटून बसला होता, ते खरं धर.

तो स्वतः खेळला थोडं, पाहिलं जास्त. सोसायटीतली मोठी मुलं खेळतात, ही लहानगी त्यांच्या खांद्यावरून बघतात. शिवाय कुणीतरी खेळतोय, ओरडतोय, असे व्हिडिओ ढिगानं असतात. लेकरं ते बघतात आणि उरलेलं एकमेकांना सांगून भर घालतात. बाबा, तुम्ही लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून त्याच्यासाठी हौसेनं आणलेलं ते निळं, लांब हातांचं केसाळ बाहुलंही अशाच एका गेममधलं आहे. २०२१ मध्ये 'पॉपी प्लेटाइम' आला, त्यातला तो हगी वगी. तोंड उघडलं की दातच दात. खेळण्यांच्या दुकानात तो अस्वलासारखा गोड दिसतो, तुम्हाला कळणार तरी कसं? रात्री त्यानं ते बाहुलं कपाटावर का टाकलं होतं, ते आता तुम्हाला कळेल. तुमच्यावर रुसून नव्हे.

बाबा, तुम्ही म्हणालात, "आठ वर्षांचा झालाय, खोटं आहे एवढं समजत नाही?" समजतं. विचारलं तर तोच सांगतो की ते खोटं आहे. पण हे गेम रचलेलेच असे असतात की समज मागे पडावी. आधी बराच वेळ काही घडत नाही. अंधार, हलकासा घुमणारा आवाज, आपला स्वतःचाच श्वास. कान टवकारलेले असतात. मग अचानक मोठा आवाज आणि पडदाभर तोंड. दचकणं पापणी लवायच्या आत होतं, विचार त्यानंतर पोचतो. तोवर छाती धडधडायला लागलेली असते, तळहातांना घाम आलेला असतो. आवाज बंद करून तोच गेम पाहिला तर निम्मी भीती गळून पडते, हे आम्ही त्याला करून दाखवलं. त्याला ते फार आवडलं.

जोअॅन कँटर नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी पडद्यावरच्या गोष्टींना मुलं कशी भितात यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांना दिसलं की अगदी लहान मुलांना "ते खरं नाही" असं सांगून फारसा फरक पडत नाही. जवळ घेतलं, हातात काही खायला दिलं, तर पडतो. नऊ-दहाच्या पुढच्या मुलांना समजावणं लागू पडतं. आपला अथर्व बरोबर मधे आहे. त्याला दोन्ही हवं, आणि मला वाटतं जवळ घेणं आधी हवं.

हे तुम्हाला मी काय शिकवणार? तुम्हीच माझ्यासोबत केलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी अथर्वएवढीच होते. विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आपल्या माळवदाला तडे गेले, आपण वाचलो. किल्लारीकडच्या गावांत दगडमातीच्या भिंती आणि मातीनं जड झालेली माळवदं झोपलेल्यांवर बसली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या दुःखाशेजारी मोबाइलचा गेम मी ठेवत नाही, ठेवणारही नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं. रस्त्यानं ट्रक गेला तरी मी उठून पळायचे. बाबा, तुम्ही एकदाही "भित्री" म्हणाला नाहीत. सगळं गावच अंगणात झोपत होतं, पण घरात परतायची वेळ आली तेव्हाही तुम्ही मला ओढून नेलं नाही. आधी ढाळजेत, दार सताड उघडं ठेवून, तुमचा हात माझ्या अंगावर. मग दार लोटून. मग आतल्या खोलीत. किती दिवस लागले ते कुणी मोजलं नाही.

अथर्वला मला तेच द्यायचंय. म्हणून चुलतभावांसमोर त्याला "भागूबाई" म्हणणं थांबवा. आणि धीट करायचं म्हणून मागच्या अंधाऱ्या खोलीतून काही आणायला एकट्याला पाठवू नका. बॅटरी घेऊन तुम्ही पुढे चाला, तो मागून येईल.

गोष्टी मात्र सांगा, बाबा. तेरणेकाठच्या चकव्याची गोष्ट त्याला हवीच आहे. मलाही ती ऐकताना धडकी भरायची, पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत सांगायचात. डोळे मोठे झाले की आवाज उतरवायचात, बैल आपोआप घरच्या वाटेला लावायचात. गेम लेकराच्या तोंडाकडे बघत नाही. माझी त्याच्यावरची मुख्य तक्रार हीच आहे.

रात्रीचं एक सांगायचं राहिलं. भाऊबिजेच्या रात्री तो झोपेतच उठून बसला, डोळे उघडे, ओरडत होता आणि कुणालाच ओळखत नव्हता. आई, तुला वाटलं बाधा झाली. इथल्या डॉक्टरांनी समजावलं की झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत, गाढ झोपेत, काही मुलांना असं होतं. प्रवासाचा शीण आणि उशिरा झोपणं यानं ते वाढतं. सकाळी त्यांना काही आठवत नाही. तेव्हा हलवून जागं करायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही. पडणार नाही, लागणार नाही एवढं बघून जवळ थांबायचं. पहाटेकडे वाईट स्वप्न पडून रडत उठला तर गोष्ट वेगळी. ते त्याला आठवतं, तेव्हा कुशीत घे आणि काय दिसलं ते सांगू दे. दृष्ट काढायची तर खुशाल काढ, मीठ-मोहऱ्या ओवाळेपर्यंत तू त्याच्याजवळ असतेस, ते त्याला आवडतंच. फक्त "काहीतरी लागलंय लेकराला" असं त्याच्या कानावर पडू देऊ नकोस.

मोबाइल फोडून टाका, हा बाबांचा उपाय मी करणार नाही. फोन गेला तर तो मित्राच्या फोनवर बघेल आणि भ्याला तरी आम्हाला सांगणार नाही. तो येऊन सांगतो, ही माझ्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आमच्याकडे आता असले गेम आणि व्हिडिओ संध्याकाळनंतर नाहीत, एकट्यानं तर नाहीतच. बाबा, तुमच्या फोनवरही प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये वयाची मर्यादा घालता येते. ती मी आल्यावर लावून देते, पिन तुमच्याकडेच राहील. व्हिडिओंना ती लागू होत नाही, तिथे आपल्यालाच लक्ष ठेवावं लागेल.

येळवशीला, वेळा अमावस्येच्या शेतातल्या पूजेला, आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी पोचतो. भज्जी आणि अंबिलीसाठी अथर्व आत्तापासून विचारतोय, शेतातल्या कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा त्यालाच करायचीय. बाबा, मोरीबाहेरचा बल्ब तेवढा बदलून ठेवा, आणि लाइट गेली तर हाताशी असावी म्हणून चार्जिंगची बॅटरी भरून ठेवा.

आणि आई, अथर्वचा तुला एक निरोप आहे. मी लिहितेय हे कळल्यावर त्यानं मुद्दाम लिहायला लावला: "आजीला सांग, रात्री उठलीस की आधी 'अथर्वा, मी आहे रे' म्हण, मग चाल. म्हणजे मी तुझ्याजवळच झोपतो."

तुमची,
लेक