मंडळ म्हणतं शाळेत जा, शाळा म्हणते दाखला न्या

मा. मंत्री,
महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी मुलाच्या शाळेने मला बोलावून घेतलं आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात ठेवला. मी मागितला नव्हता. शेरा आहे 'सतत गैरहजर'. मुलगा नववीत, वय 15. मुख्याध्यापक म्हणाले, "पुढे 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसवा, आमच्याकडे नको."

आता माझ्या पिशवीत दोन शिक्क्यांचे कागद आहेत. एक हा दाखला आणि दुसरा बाल न्याय मंडळाचा, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या केसेस चालवणाऱ्या मंडळाचा, आदेश. मुलाला परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली घरी, सोडलंय, वागणूक चांगली ठेवायची आणि नियमित शाळेत जायचं. 2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 18 खाली शाळेत जाण्याचा आदेश देता येतो, मी वाचलंय. पोराला शाळेत जा म्हणून सांगणारे सगळे आहेत. शाळेला त्याला आत घे म्हणून कोण सांगणार, एवढंच विचारायला हे पत्र लिहायला बसले.

मित्रांबरोबर चोरीच्या मोटारसायकलवर मागे बसला होता. ते मी झाकत नाही. पण त्याआधी वर्षभर तो शाळा बुडवत होता आणि हजेरीपटावर रोज फुली पडत असताना शाळेतून एक फोन आला नाही. शाळा बुडवणं आपल्याकडे गुन्हा नाही, हे बरंच आहे. पण मग गुन्हा घडेपर्यंत पोराकडे बघायचंच नाही, असा काही जीआर आहे का? पहिलं लक्ष गेलं ते पोलिसांचं. जन्मतारखेचा पुरावा घ्यायला वर्दीतला हवालदार भर मधल्या सुट्टीत शाळेत गेला. मुलाशी बोलताना पोलिसाने साध्या वेशात असावं असा नियम आहे म्हणे. शाळेत जाताना लागू होत नसेल. त्या दिवसापासून पोराचं नाव शिपायापर्यंत सगळ्यांना पाठ. त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड करायची नाही, म्हणून मी इथे ना त्याचं नाव लिहिलंय ना माझं. कायदा पाळायचा तो आम्हीच.

देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरची-शाळेची माहिती, मंडळाला द्यायचा असतो. त्याच्या नमुना 6 मध्ये शाळा का सोडली याची कारणं छापलेली आहेत. शिक्षकांची बेपर्वाई, शाळेत झालेला अपमान, मारहाण, घरासाठी कमावणं, शिकवण्याची भाषा, सगळं आहे. ज्याने कुणी तो फॉर्म केला त्याला पोरं कळत होती. आमच्या परिविक्षा अधिकारी साहेबांनी घर पाहिलं नाही, पोराला एकटं बसवून विचारलं नाही. माझ्याशी फोनवर दोन शब्द बोलले आणि 'शाळेत रस नाही' यापुढे खूण केली. गणिताच्या तासाला त्याला उभं करून "तुला कशाला बीजगणित, आईबरोबर फॉल-पिको कर जा" असं सुनावलं होतं, ते कोणत्या रकान्यात लिहायचं? साहेबांना तरी किती बोलू? तेही कंत्राटी, एकट्याकडे तीन तालुके, असं त्यांनीच सांगितलं.

तारखेच्या दिवशी माझी मशीन बंद असते. ऐन लग्नसराईत ब्लाउज वेळेवर गेले नाहीत, गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. नणंद आता मुलींना आमच्याकडे राहायला पाठवत नाही. मला बीपीची गोळी सुरू झाली. मंडळाच्या बाहेर बाकावर माझ्यासारख्या आया बसलेल्या असतात, त्यांना विचारा. प्रत्येकीचं पोर आधी शाळेतून सुटलेलं आहे, पोलीस ठाणं नंतर. कुठल्या अहवालात हे आहे का माहीत नाही, मी बाकावरचं सांगते.

आणि कायद्याची गंमत बघा. शिक्षण हक्क कायदा 14 व्या वर्षी हात सोडतो. आठवीपर्यंत शाळेला पोराला काढता येत नाही, नववीत खुशाल काढा. बाल न्याय कायद्यासाठी मात्र तो 18 पर्यंत बालक. म्हणजे मधली चार वर्षं सरकार त्याला पकडू शकतं, शिकवायला बांधील नाही. तुमच्याकडे आलं की 'हा विषय शिक्षण खात्याचा', तिकडे गेलं की 'मंडळाची केस आहे, महिला बालविकासला भेटा'. 4 जुलै 2015 ला एका दिवसात राज्यभरातली शाळाबाह्य मुलं मोजली होती, बोटाला शाई लावून. दर जूनमध्ये प्रवेशोत्सव, फुगे, गुलाबपुष्प, फोटो. जानेवारीत कोण गळालं, ते बघायला कुणी कॅमेरा घेऊन येत नाही.

तुमच्याच खात्याचे महिन्याला 1,500 रुपये मला मिळतात. सरकार भाऊ झालं, बहीण लाडकी झाली. मग भाचा कुणाचा?

मंडळाच्या आदेशाची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना जाऊ दे, आणि आदेश हातात असलेल्या मुलाला दाखला देणाऱ्या शाळेला कुणीतरी लेखी जाब विचारू दे. मुलाची पुढची तारीख जवळ आली आहे. साहेब अहवालात 'शाळेत जात नाही' असं लिहिणार, ते मला आत्ताच माहीत आहे. त्याच्या खाली 'कारण शाळा घेत नाही' ही एक ओळ लिहायला त्यांना तुम्ही सांगा, माझं ऐकत नाहीत.

आपली,
एका मुलाची आई