कान अजून दाराकडेच

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्याच ओळीत लिहिलंस, ‘मुलगा मार्गी लागला, आनंदच आहे.’ आणि शेवटी, जाता जाता, रात्री अकरा वाजून गेले तरी दाराची कडी लावायला हात धजत नाही, हेही. दोन्ही खरं असणार. पण पत्र लिहायला तू बसलास ते त्या कडीमुळे.

तुझ्या मुलासारखीच माझी लेक घर सोडून परगावी गेली त्याला दोन वर्षं झाली. सुरुवातीला मी रोज रात्री नऊच्या ठोक्याला फोन करायचो. जेवलीस का, झोप लागते का, पैसे आहेत ना. एकदा ती म्हणाली, “बाबा, तुम्ही फोन करत नाही, हजेरी घेता.” झोंबलंच ते. चार दिवस मी मुद्दाम फोन केला नाही. या वयात रुसून बसलो म्हण ना! पाचव्या दिवशी तिचाच आला. नळ गळतोय, पाणी कुठून बंद करायचं? मी कधी न पाहिलेल्या त्या घरातली तोटी इथे बसून वीस मिनिटं शोधत होतो. त्या रात्री गाढ झोपलो. मला तिची खुशाली नको होती रे, काम हवं होतं. वीस-बावीस वर्षं अंगवळणी पडलेली नोकरी एका दिवसात सुटली, आणि कान मात्र अजून कामावर होते.

याला लोक रिकामं घरटं म्हणतात. मला ती उपमा पटत नाही. पक्ष्यांचं घरटं म्हणजे घर नव्हेच, अंडी-पिल्लांपुरती केलेली सोय ती. पिल्लं उडाली की बहुतेक लहान पक्षी स्वतःही ते सोडतात आणि पिल्लांच्या मागे फांद्याफांद्यांवर फिरत आणखी काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, त्यांना भरवत राहतात. मागे बसून उरलेल्या काड्या मोजतो तो आपल्यासारखा माणूस.

खोलीचं विचारलंस. आमच्याकडून चूक झाली ती सांगतो. सहा महिने दार बंद ठेवलं, मग एका रविवारी उत्साहाच्या भरात तिथे इस्त्रीचं टेबल नि जुन्या ट्रंका नेऊन टाकल्या. लेक सुट्टीला आली, उंबऱ्यातच थांबली. काही बोलली नाही, पण बॅग बैठकीतच ठेवली. तेव्हा काय करायचं ते कर, आधी मुलाला विचार. ती खोली निम्मी अजून त्याची आहे.

आणि वहिनींकडे बघ. आमचं काय झालं होतं माहितीये? गाडीत दोन प्रवासी तिसऱ्या ओळखीच्यामुळे गप्पा मारत असतात, तो मधल्या स्टेशनवर उतरतो आणि मग दोघंही खिडकीबाहेर बघत बसतात, तसं. बोलायला लेकीशिवाय विषयच नव्हता. २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचला. त्यात काही स्त्रियांचा १८ वर्षं मागोवा घेतला होता. मुलं बाहेर पडल्यावर त्यांचं संसारातलं समाधान वाढलं. नवऱ्याबरोबर जास्त वेळ मिळाला म्हणून नाही, तर असलेला वेळ जास्त चांगला जाऊ लागला म्हणून. हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, “आधी पेपर खाली ठेवा, मग बघू.” हल्ली संध्याकाळी फिरायला जातो. निम्मी वाट गप्पच असतो, पण आता ते टोचत नाही.

एक मात्र गंभीरपणे. मुलांच्या जाण्याने होणारं दुःख हा आजार नाही, डॉक्टरांच्या निदानांच्या यादीत त्याला नाव नाही. पण दोन आठवडे सलग दिवसभर मन बुडालेलं राहिलं, कशात रस वाटेना, झोप-भूक उडाली, तर ‘मुलगा गेला म्हणून होतंय’ असं म्हणून अंगावर काढू नकोस. डॉक्टरकडे जा. एकट्याने जायचं नसेल तर मी येतो.

कडीचं म्हणशील तर, मी ती आता साडेदहाला लावतो. लावल्यावर एकदा उघडून बाहेर बघतो, मग परत लावतो. हिला माहीत आहे, ती काही बोलत नाही.

रविवारी सकाळी फोन करतो. हजेरी घ्यायला नाही. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना बाकमित्र