अडचण इमारतीची नाही, धावपट्टीची

मुंबई विमानतळाच्या वाटचालीवरील रविवारचा लेख वाचला. त्यात दोन दुरुस्त्या हव्यात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूला, सांताक्रूझला नव्हे. सांताक्रूझचा तळ, म्हणजे आजचा विमानतळ, दुसऱ्या महायुद्धातला. 

दुसरा मुद्दा महत्त्वाचा. गर्दीचे खापर लेखात टर्मिनलवर फोडले आहे. पण २०१४ मध्ये नवे टर्मिनल-२ सुरू झाले, तरी विमाने आकाशात घिरट्या घालतच राहिली. खरी मेख ०९-२७ आणि १४-३२ या क्रमांकांच्या इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, ही आहे. एकीवर विमान उतरत असताना दुसरीवरून उड्डाण सोडता येत नाही. त्यामुळे धावपट्ट्या दोन असूनही क्षमता जेमतेम एकीची. त्यात १४-३२च्या आग्नेय टोकापलीकडे तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) टेकडी आडवी येते. छेदबिंदूचे डांबर उखडले, की दोन्ही बंद ठेवाव्या लागतात. फेब्रुवारी-मार्च २०१९ मध्ये याच कामासाठी आठवड्यातून तीन दिवस सकाळी ११ ते सायंकाळी ५ विमानतळ बंद होता.

सभोवती वस्ती असल्याने समांतर धावपट्टीला इथे जागाच नाही. नवी मुंबई विमानतळाच्या आराखड्यात तशा दोन आहेत. त्यातली दुसरी कधी होणार, हे लेखात विचारायला हवे होते.

— एक वाचक, अंधेरी (पूर्व)