क्यू स्कूलचा फॉर्म भरण्याआधी

इंदूर

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

यंदा स्नूकरची क्यू स्कूल, म्हणजे व्यावसायिक टूरचं कार्ड (टूरवर खेळण्याचा हक्क) मिळवायची पात्रता स्पर्धा, खेळायचं म्हणतेस, तर खेळच. आईचीही ना नाही. फक्त आपल्या क्लबातल्या सेंच्युऱ्या (एका पाळीत शंभर पॉइंट) धरून हिशेब मांडू नकोस. त्या टेबलाने तुझे फार लाड केलेत.

जुन्या टेबलाची पॉकेटं सैल झालेली असतात. कुशनला (टेबलाच्या रबरी काठाला) धरून गेलेला लाल बॉल जरा जाड लागला तरी आत पडतो. टूरच्या टेबलाचं पॉकेट ठरावीक साचा लावून तपासलेलं असतं. तिथे तोच लाल खडखडून तोंडाशी थांबतो आणि समोरची व्यक्ती सत्तर पॉइंटांचा ब्रेक (एका पाळीतली कमाई) करून जाते. बॉल तोच 52.5 मिलिमीटरचा, टेबलही तेच बारा बाय सहा फुटी. पण तिकडे कपडा पातळ आणि नवा असतो, स्लेटखाली हीटर असतो, त्यामुळे ओल धरत नाही आणि पांढरा (क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा बॉल) घरंगळत राहतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात कपडा दमट होतो आणि कुशन मेल्यासारखी वागते. पुढच्या फटक्यासाठी पांढऱ्याची पोझिशन मिळेना म्हणून हात नकळत जोरात जायला लागतो. तोच हात घेऊन क्यू स्कूलसाठी बँकॉकला गेलीस तर पांढरा दर वेळी हातभर पुढे जाईल.

म्हणून सरावाआधी मार्करला (टेबल सांभाळणाऱ्याला) सांगून टेबल नीट करून घे. ब्रश बॉककडून (जिथून फ्रेम सुरू होते त्या टोकाकडून) काळ्या बॉलच्या दिशेने, नेहमी एकाच बाजूला. उलटा फिरवला की नॅप (कपड्याची लव) विस्कटतो. मग त्याच दिशेने इस्त्री. इस्त्री आधी वर्तमानपत्रावर टेकवून बघायची, कागद पिवळा पडला तर ती कपड्यालाही जाळणार. आणखी एक: जाड नॅपच्या कपड्यावर बॉककडे हळू खेळताना साइड (बाजूची फिरकी) दिली तर पांढरा साइडच्या उलट बाजूला सरकतो. ते गृहीत धरून नेम लावायची सवय तुझ्या अंगात भिनली आहे. पातळ कपड्यावर हे सरकणं अगदी कमी असतं, म्हणजे तुझा नेम नेमका तेवढाच चुकणार.

तीन तास लाइन-अप लावणं (बॉल रांगेत मांडून एकेक पाडणं) आता बंद. एक तास पुरे. पांढरा ब्राउनच्या स्पॉटवर ठेवून निळ्या, गुलाबी, काळ्याच्या स्पॉटवरून वरच्या कुशनला मार. तो परत क्यूच्या टिपवर (चामडी टोकावर) आला नाही तर त्या दिवशी दुसरं काही करू नकोस, आधी क्यू सरळ कर. बाकी वेळ सेफ्टीला, म्हणजे समोरच्याला सोपा फटका न ठेवण्याला. लाल घोळक्याच्या कडेला पातळ लावून पांढरा बॉक कुशनला परत आणायचा, दहापैकी सात वेळा कुशनपासून चार बोटांच्या आत.

‘मिस’चा (लावायचा बॉल न लागल्याचा) नियम कडक लावून खेळत जा. क्लबात स्नूकर (लावायच्या बॉलच्या आड दुसरा बॉल आलेला असणं) सुटला नाही तर चार पॉइंट देऊन आपण पुढे जातो. तिथे रेफरी मिस पुकारतो, प्रतिस्पर्धी बॉल जागेवर ठेवायला लावतो, आणि एकाच जागेवरून वीस-चोवीस पॉइंट सहज जातात. समोर लाल सरळ दिसत असताना लागोपाठ तीनदा चुकलं तर फ्रेमच (तो डावच) गेली.

आता पैशाचं. कार्ड दोन वर्षांचं असतं. रँकिंग म्हणजे दोन वर्षांत जिंकलेल्या पौंडांची बेरीज. मुदत संपताना पहिल्या 64 मध्ये असलीस तर राहशील, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये जगज्जेत्याला पाच लाख पौंड मिळतात हे सगळ्यांना पाठ असतं. पहिल्याच फेरीत 4-1 हरलेल्याचं हॉटेलचं बिल कुणी विचारत नाही. 2022-23 मध्ये टूरने हंगामाला 20,000 पौंडांची हमी सुरू केली, पण ती उचल होती, जिंकलेल्या रकमेतून वळती होणारी. त्यातच राहणं, टेबलाचं भाडं आणि प्रवास बसवायचा. खेळ जन्मला आपल्या जबलपुरात 1875 साली, पण त्यावर पोट भरायला शेफील्ड गाठावं लागतं.

पंकज अडवाणी 2012 मध्ये टूरवर गेला, 2013 च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला आणि 2014 मध्ये कार्ड सोडून परत आला. तो काही खेळात कमी पडला नव्हता. बिलियर्ड्स सांभाळून तिकडे राहणं जमेना. इथे त्याच्या पाठीशी ओएनजीसीची नोकरी आहे. 2025 मध्ये आपल्या यशवंत क्लबात राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हाही स्नूकरचा किताब त्यानेच नेला. आपल्या देशात क्यूवर घर चालवणारे बहुतेक असेच, खेळाडू कोट्यातल्या पगारावर. त्यात कमीपणा काही नाही. जाहिरात निघाली की अर्ज करून ठेव.

तुझ्यासाठी आणखी एक वाट आहे आणि माझ्या मते आधी तीच धर. मुख्य टूर बायका-पुरुषांची एकच, पण 2021 पासून महिला टूरमधूनही कार्डं मिळतात. पहिली दोन रिअॅन एव्हन्स आणि एन्ग ऑन यी यांना मिळाली. थायलंडच्या मिंकने 2022 मध्ये महिलांचं विश्वविजेतेपद जिंकून कार्ड घेतलं. 2017 ला सिंगापूरला झालेल्या महिला विश्वविजेतेपदाच्या फायनलमध्ये आपली विद्या पिल्लै त्याच ऑन यीकडून 6-5 ने हरली, म्हणजे एका फ्रेमने. तेव्हा अंतर अशक्य नाही. इंदूरच्या अमी कमानीचे सामने बघितलेस तर सेफ्टी खेळताना तिला घाई नसते, तेवढं उचल.

टिप बदलायची असेल तर निदान तीन आठवडे आधी बदल. नवी टिप दबत जाते, कडेने फुगते, आणि ती कडा घासून बसेपर्यंत साइडचा भरवसा नसतो. क्यू केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, कडक केसमध्ये घालून चेक-इन कर. मुक्कामी पोचल्यावर भिंतीला टेकवून ठेवू नकोस, वाकते. फीचे पैसे भरण्याआधी फोन कर, व्हिसाची कागदपत्रं एकत्र बघू.

तुझा,
बाबा